कॉपर अ‍ॅसिटेट घरी बनवताना या चुका टाळा

कॉपर अ‍ॅसिटेट म्हणजे तांबं आणि व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल यांपासून बनणारा निळा-हिरवा क्षार. तो बनवायला तांब्याची तार व्हिनेगरमध्ये टाकली, आठवडा झाला, पाणी जेमतेम निळसर झालं आणि गाडी तिथेच अडली. घरगुती रसायनशास्त्रातली ही सगळ्यात नेहमीची तक्रार. यात व्हिनेगरचा दोष नाही. अभिक्रियाशीलतेच्या क्रमवारीत तांबं हायड्रोजनच्या खाली बसतं, त्यामुळे नुसत्या सौम्य आम्लात ते विरघळत नाही. आधी त्याचं ऑक्सिडीकरण, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, व्हावं लागतं, मग आम्ल आपलं काम करतं. हवेतला ऑक्सिजन हे करतो, पण रमतगमत. म्हणूनच पूर्ण बुडालेल्या तारेपेक्षा अर्धवट बाहेर राहिलेली तार लवकर हिरवी पडते. घाई असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात.

दुसरी चूक या पेरॉक्साइडचीच. सगळं एकदम ओतलं की सुरुवातीला जोरदार बुडबुडे येतात आणि काम झपाट्याने चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात द्रावणात उतरलेले तांब्याचे आयन (विद्युतभारित कण) पेरॉक्साइडचं विघटन घडवतात, आणि त्यातला ऑक्सिजन वायू होऊन फुकट उडून जातो. थोडं घाला, बुडबुडे शांत होऊ द्या, मग पुन्हा थोडं. बरणीचं झाकण घट्ट लावायचं नाही, कारण आत वायू साठून दाब वाढतो. वर कापड किंवा सैल झाकण पुरे. आणखी तीव्र पेरॉक्साइड मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका: अ‍ॅसिटिक आम्लाबरोबर त्यातून पेरॉक्सिअ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं, आणि ते डोळ्यांना व श्वासाला चांगलंच झोंबतं. सौम्य द्रावण वापरतानाही खिडकी उघडी, चष्मा आणि हातमोजे गरजेचेच.

आता हिशेब. बहुतेकांचं खरं बिनसतं ते इथे. ५ टक्के व्हिनेगरच्या १०० मिलिलीटरमध्ये साधारण ५ ग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल असतं. तेवढ्यात जास्तीत जास्त सुमारे २.६ ग्रॅम तांबं जाऊ शकतं आणि त्यातून ८.३ ग्रॅमच्या आसपास स्फटिकी क्षार मिळू शकतो. याहून जास्त तांबं टाकलं तर बिघडत नाही, उरलेलं काढून घ्या. आम्ल मात्र कमी पडू देऊ नका. ते संपलं की फिकट निळा, दुधाळ साका धरतो. तो आम्लारिधर्मी (आम्ल कमी पडल्याने बनणाऱ्या) अ‍ॅसिटेटचा, म्हणजे जंगालाच्या, तांब्यावर चढणाऱ्या हिरवट-निळ्या थराच्या, कुळातला. पुष्कळजण त्यालाच उत्पादन समजून गाळून ठेवतात. साका दिसला की थोडं व्हिनेगर घालून कोमट करा. बहुतेक वेळा द्रावण पुन्हा स्वच्छ होतं.

हाच घोटाळा आटवताना परत उद्भवतो. अ‍ॅसिटिक आम्ल बाष्पनशील आहे. द्रावण खळखळून उकळलंत तर पाण्याबरोबर आम्लही जातं आणि कडेवर फिकट निळी पापडी चढते. मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात बरणी ठेवून आटवा आणि अधूनमधून चमचाभर व्हिनेगर घाला. कोरडं होईपर्यंत तर कधीच आटवू नका.

‘थंड केलं तरी स्फटिक येत नाहीत’ ही तक्रारही हिशेबाचीच. थंड पाण्याच्या १०० मिलिलीटरमध्ये हा क्षार सुमारे ७ ग्रॅम मावतो, गरम पाण्यात जवळजवळ २०. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड मिळून तुमच्याकडे दीडशे मिलिलीटर द्रावण आणि त्यात ८ ग्रॅम क्षार असेल, तर तो आरामात विरघळलेलाच राहणार. आकारमान निम्म्याच्याही खाली आणा, गरम असतानाच गाळा आणि मग हलवू नका. फ्रिजमध्ये ठेवलंत तर बारीक चुरा मिळेल. मोठे, काळपट निळे-हिरवे खडे हवे असतील तर कोपऱ्यात ठेवून हळूहळू बाष्पीभवन होऊ देणं हाच माझ्या मते एकमेव शहाणा मार्ग.

मीठ घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने वेग येतो हे खरं, पण द्रावणात क्लोराइड शिरतं, रंग हिरव्याकडे झुकतो आणि शेवटी हाती येते ती क्षारांची खिचडी. नक्की काय बनलंय हे जाणून घ्यायचं असेल तर मीठ नकोच.

धातू कुठला आहे हेही पाहा. मोटारीच्या वाइंडिंगच्या (गुंडाळीच्या) तारेवर लाखेचा थर असतो. तो पॉलिश पेपरने खरवडा, जाळू नका, धूर वाईट असतो. पितळेतून जस्त येतं. तांब्याचा मुलामा दिलेल्या वस्तूच्या आत बहुधा लोखंड निघतं आणि द्रावण गंजासारखं तपकिरी होतं. चुंबक लावून आधीच खात्री करून घ्या. लोखंडी चमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, त्यांच्यावर तांबं बसतं आणि तो धातू द्रावणात उतरतो. काच किंवा प्लॅस्टिक वापरा, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. व्हिनेगर रंगहीनच घ्या. तपकिरी व्हिनेगरमधले बाकीचे पदार्थ स्फटिकांत अडथळा आणतात.

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात धुण्याचा सोडा घालून मिळणारा निळसर-हिरवा साका व्हिनेगरमध्ये विरघळवणं ही वाट मला जास्त आवडते. पेरॉक्साइडची कटकट नाही. अट एकच: साका चार-पाच वेळा निवळून धुवायचा, नाहीतर शेवटी निळ्या खड्यांबरोबर सोडियम सल्फेटचे पांढरे खडेही येतात. व्हिनेगर हळू ओता, कार्बन डायऑक्साइडचा फेस भांड्याबाहेर येतो.

उरलेलं निळं पाणी मोरीत ओतायचं नाही. तांबं जलचरांना घातक आहे आणि हा क्षार पोटात गेला तर माणसालाही विषारी. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, नाव लिहून ठेवा. टाकाऊ द्रावणात भांडी घासायचा लोखंडी तारांचा काथ्या सोडून ठेवला की तांबं लालसर गाळ होऊन खाली बसतं. तो गाळ आणि वरचं पाणी दोन्ही बंद बाटलीत भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.