माप मुलाच्या बोटांना कळायला हवं

बी.एड. करून कोल्हापुरातल्या एखाद्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलात आणि वर्गात अंध मूल असलं, तर पहिल्याच प्रात्यक्षिकाला मोह होतो: शेजारच्याने प्रयोग करायचा, याने ऐकायचं. तसं करू नका. माप त्याने स्वतः घेतलं, तरच प्रयोग त्याचा.

सुरुवात सिरिंजपासून करा. औषधाच्या दुकानातून 10 मिलिची नवी सिरिंज आणा, सुई नको. 5 मिलि पाणी ओढा आणि दट्ट्याची दांडी नळीच्या कडेतून जिथे बाहेर येते, नेमकी तिथे कानशीने खाच पाडा. मुलाने कडेवर नख टेकवून दट्ट्या ओढायचा. नख खाचेत अडकलं की 5 मिलि झालं. खाच खोल गेली तर दांडी मोडते. माप कमी भरतं ते बहुधा आत शिरलेल्या हवेमुळे. टोक बुडवलेलंच ठेवून एकदा भरा, सगळं बाहेर ढकला, मग सावकाश पुन्हा ओढा.

द्रावणातून वीज वाहते का, हे दिव्याऐवजी बझरवर कळतं. 9 व्होल्टची बॅटरी, 3 ते 24 व्होल्टचा बझर आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली पुरतात. बझरची लाल तार धन टोकाकडे. तिला गाठ मारा, म्हणजे हाताला ओळखू येईल. उलटी जोडली तर बझर गप्प राहतो आणि मूल 'मिठाच्या पाण्यातून वीज जात नाही' असं लिहून मोकळं होतं. म्हणून आधी दोन्ही शिसं एकमेकांना टेकवून आवाज ऐकायचा. मग 100 मिलि डिस्टिल्ड पाण्यात दोन चमचे मीठ घालून शिसं 1 सेमी अंतरावर बुडवायची, पाचेक सेकंदच. जास्त वेळ ठेवली तर क्लोरीनचा उग्र वास सुटतो. खिडक्या उघड्या हव्यात. तुलनेला साखरच घ्या. आपल्याकडे गूळ हाताशी असतो, पण त्यात क्षार असतात आणि बझर क्षीण वाजला की निष्कर्षच बिघडतो.

कर्णबधिर मुलासाठी बझर काढून 470 ओहमच्या रोधासह एलईडी लावा. दाखवताना बोलू नका. त्याने प्रयोगाकडे पाहायचं की तुमच्या ओठांकडे?

आकृत्या सुतळी आणि फेव्हिकॉलने उठावदार होतात, मात्र इथल्या पावसाळ्यात त्या लवकर वाळत नाहीत. दोन दिवस आधी करून ठेवा.

धातूंचे तुकडे उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून मागून आणता येतील. कडा कानशीने घासूनच मुलाच्या हातात द्या. आणि वस्तू दाखवताना त्याचा हात धरून ओढू नका. तुमचा हात खाली, त्याचा वर. नको वाटलं तर त्याला हात काढून घेता येतो.