जुन्या प्लायवूड कयाकचे सुटलेले सांधे चिकटवताना

सांधा सुटलेला दिसला की बहुतेक जण आधी सिरिंज शोधतात. फटीत एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून होणारा ग्लू) सोडायचं, वरून शिकंजा आवळायचा, की झालं काम. तसं करू नका. फटीत ओल असते, लाकडावर जुना ग्लू असतो, आणि नवं एपॉक्सी त्या मेलेल्या ग्लूलाच धरून बसतं.

पवनेच्या बॅकवॉटरवर आम्ही चालवतो ती कयाक ४ मिलिमीटर मरीन प्लायची आहे, काठाला सागाच्या पट्ट्या. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याच्या प्लायचे थर ७२ तास उकळूनही सुटू नयेत, अशी त्याची कसोटी असते. म्हणून सहसा प्लाय शाबूत राहतं. सुटतो तो पट्टी आणि प्लाय यांच्यामधला, बांधणाऱ्याने हाताने लावलेला ग्लू.

आधी नाण्याने सांध्यावर टकटक करत पुढे सरका. धरलेल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द. तिथे पेन्सिलीने खूण करा आणि खुणेच्या पुढेही चार बोटं सांधा उघडायची तयारी ठेवा.

मग वाळवणं. खरं काम हेच, आणि इथेच घाई होते. बोट सावलीत, वारा लागेल अशी उलटी ठेवा. उन्हात प्लाय तडकतं. दर आठवड्याला ताणकाट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. पावसाळ्यात हे काम काढूच नका, दिवाळीनंतर काढा.

सांधा उघडताना स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लायचा वरचा थर सोलून निघतो. बांबूच्या पातळ पाचरी एकेक करून सारा आणि आत हॅकसॉचं पान फिरवा. जुना ग्लू तपकिरी, काचेसारखा कडक असेल तर तो पाण्याने सुटणार नाही, खरवडूनच काढावा लागतो. ओल्या कापसाने पांढरा, मऊ झाला तर तो फेविकॉलच्या जातीचा. तोही पूर्ण काढा, त्यावर एपॉक्सी नीट धरत नाही. शेवटी ८० नंबरचा पॉलिश पेपर. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायच्या जरा आधी पट्टी अॅसिटोनने पुसून घ्या.

एपॉक्सी सावकाश सुकणारं घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारं पाण्यात भरवशाचं नाही. डब्यावरचं प्रमाण ग्रॅमच्या काट्यावर मोजा आणि थोडंथोडंच कालवा. कपात जास्त राहिलं तर तापून लगेच गोठतं. हातमोजे हवेतच. आधी नुसतं पातळ एपॉक्सी दोन्ही बाजूंना ब्रशने लावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. लाकूड, विशेषतः पट्टीची टोकं, ते पिऊन टाकतं; कोरडं दिसेल तिथे पुन्हा लावा. मग उरलेल्यात सिलिका पावडर मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट करा (पावडर उडते, मास्क लावा) आणि फटीत भरा.

आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या सर्वांत बऱ्या. बोटीच्या गोलाईवर शिकंजा सरकतो, ट्यूब बसते. मध्ये पॉलिथिन घाला. सांध्याच्या पूर्ण लांबीवर बारीक सलग रेघ बाहेर आली की थांबा. त्यापुढे आवळलंत तर सगळं एपॉक्सी बाहेर पडून सांधा उपाशी राहतो. बाहेर आलेलं लगेच पुसून घ्या.

दुसऱ्या दिवशी वर मेणचट थर जाणवला तर साध्या पाण्याने घासून धुवा, तो पॉलिश पेपरने निघत नाही. आठवडाभर बोट पाण्यात घालू नका. मग आत बादलीभर पाणी ओतून बोट या कुशीवरून त्या कुशीवर कलती करा आणि बाहेरून सांध्यावर कोरडा हात फिरवा. ओल लागली नाही तर आतून-बाहेरून पूर्ण वाळवून यूव्ही-रोधक व्हार्निशचे तीन हात द्या, कारण उघडं एपॉक्सी उन्हाने खराब होतं.