रोजच्या वापरातल्या पिकअपसाठी सस्पेन्शन कसे निवडावे

पिकअपचे सस्पेन्शन बदलायचे मनात आले असेल, तर पहिली फेरी वजनकाट्यावर मारावी. तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आसपास आणि तळोजा औद्योगिक वसाहतीत ट्रकांसाठीचे काटे आहेत. तिथे दोन वजने करून घ्यावीत, एक संपूर्ण गाडीचे आणि दुसरे फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून. दोन्हींच्या वजाबाकीतून मागच्या अॅक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर, किती भार येतो ते कळते. हीच दोन वजने एकदा गाडी रोजच्या अवस्थेत असताना आणि एकदा सहलीच्या किंवा शेतावर जाण्याच्या पूर्ण सामानासह घ्यावीत. कागदावर हे चार आकडे असल्याशिवाय कोणत्याही दुकानात जाऊन किटची, म्हणजे सस्पेन्शनच्या सुट्या भागांच्या तयार संचाची, चौकशी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी पैसे घालवून मिळवलेले आहे.

माझी गाडी आठवड्यातले पाच दिवस ऐरोली ते महापे अशी एकट्या माणसाला घेऊन धावते आणि महिन्यातून दोनदा मुरबाडपलीकडच्या शेतावर जाते. पहिल्यांदा किट घेतले तेव्हा विक्रेत्याने मला "किती इंच उचलायची?" एवढा एकच प्रश्न विचारला होता. वजन त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मागे बसले ते हौद्यात कायम 300 किलो भार असेल असे गृहीत धरून बनवलेले पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग. परिणामी रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर मागून उडी मारू लागली, पावसात उड्डाणपुलाच्या सांध्यावरून जाताना मागची चाके क्षणभर जमीन सोडतात असे जाणवू लागले आणि मागच्या सीटवर बसणे आईने सोडूनच दिले. किटमध्ये दोष नव्हता. ते माझ्या गाडीच्या रोजच्या वजनासाठी नव्हते.

म्हणून निवडीचा क्रम आधी ठरवून घ्यावा. स्प्रिंग आणि पाटे वजनावरून निवडावेत, शॉकअप रस्त्यावरून निवडावेत, आणि उंची ही या दोन्हींनंतर जेवढी मिळेल तेवढीच घ्यावी. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात.

त्याही आधी सध्याची गाडी नीट तपासावी. टायरमधील हवा दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे आहे का, पाट्यांच्या डोळ्यांतील, म्हणजे टोकांच्या गोल भोकांतील, रबरी बुश चिरडले आहेत का, एखाद्या शॉकअपमधून तेल पाझरते का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. सामान भरून शेतावर जाण्यासाठी वाढवलेली हवा परत आल्यावर कमी न करता पुढचे पाच दिवस तशीच गाडी चालवणारे आणि मग सस्पेन्शन कडक असल्याची तक्रार करणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. अशांचा खर्च हवेच्या गेजवर भागतो.

आपल्याकडे हौशी वापरात दिसणाऱ्या दोन प्रमुख पिकअप म्हणजे 2016 मध्ये आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि 2022 मध्ये आलेली टोयोटा हायलक्स. दोन्हींची रचना मुळात सारखीच आहे: पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग अॅक्सल आणि पाटे. याचा अर्थ पुढची आणि मागची निवड हे दोन वेगळे निर्णय आहेत. पुढे इंजिनाचे वजन जवळपास कायम तेवढेच असते, त्यामुळे तिथे चूक होण्याची शक्यता कमी. पुढे भर पडते ती जाड स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) किंवा विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) लावल्याने. बंपरपुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी बुल बारचा विचार मात्र करूच नये, कारण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यांच्यावर कारवाई करण्यास सांगितले आहे.

खरा प्रश्न मागे असतो. हौदा आज रिकामा, उद्या भरलेला. युरियाची गोणी 45 किलोची असते. सहा गोण्या टाकल्या की 270 किलो झाले, आणि त्यात पाण्याचा पंप आणि दोन माणसे धरली तर त्याच गाडीचे स्वरूप पालटते. शिवाय वजन कुठे ठेवले यालाही महत्त्व आहे. हायलक्सच्या दोन अॅक्सलमधील अंतर 3085 मिलिमीटर आहे. समजा 100 किलोची अवजारपेटी मागच्या अॅक्सलच्या 600 मिलिमीटर मागे, म्हणजे हौद्याच्या फळीकडे ठेवली, तर तरफेच्या नियमाने मागच्या अॅक्सलवर सुमारे 119 किलो भार वाढतो आणि पुढचा अॅक्सल 19 किलोंनी हलका होतो. स्टिअरिंग पुढून हलके लागणे आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणे ही दोन्ही लक्षणे त्यातूनच येतात. पेटी केबिनला चिकटवून ठेवली तर अर्धे दुखणे एका पैशाचाही खर्च न करता जाते.

बाजारात मागचे पाटे साधारणपणे कायमच्या भाराच्या टप्प्यांनुसार मिळतात: रिकामा हौदा, मध्यम भार, जड भार. इथे "कायमचा" हा शब्द लक्षात ठेवावा. महिन्यातून दोनदा येणारा भार कायमचा नव्हे. हौद्यावर झाकण, पेटी, जादा स्टेपनी असे जे सामान कधीच उतरत नाही, त्याच्या वजनाएवढ्याच टप्प्याचे पाटे घ्यावेत; अधूनमधूनच्या भारासाठी खाली जाड मदतनीस पाटा असलेला संच पाहावा, जो गाडी रिकामी असताना मोकळा राहतो आणि ठरावीक भारानंतरच कामाला लागतो. पाटे कितीही दणकट बसवले तरी गाडीची मान्य भारक्षमता वाढत नाही. अॅक्सल, ब्रेक आणि टायर जुनेच असतात, आणि आरसीवरचा आकडाही जुनाच.

ट्रकची कामे करणाऱ्या कारागिरांकडे स्वस्तातला एक उपाय नेहमी सुचवला जातो, तो म्हणजे जुन्या संचात एक पाटा वाढवणे. रोज माल वाहणाऱ्या गाडीला तो चालतो. रिकाम्या फिरणाऱ्या गाडीला मात्र तो माझ्या पहिल्या किटचाच अनुभव देईल. लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारी हलती कडी) लावून मागची बाजू उचलणे हाही असाच उपाय. त्याने अॅक्सलचा कोन बदलतो आणि मागच्या अॅक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमध्ये थरथर येऊ शकते. अॅक्सल आणि चॅसिस यांच्यामध्ये हवेचे फुगे बसवण्याची पद्धत सोयीची वाटते, परंतु पाटे आपला भार पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांना वाटून देतात, तर फुगा तो चॅसिसच्या एकाच ठिकाणी देतो. हौद्याच्या मागच्या टोकाला जड सामान ठेवून खडबडीत रस्त्यावर गाडी पळवली, तर चॅसिस त्या जागी वाकण्याचा धोका राहतो.

आता शॉकअपविषयी, कारण रोजच्या गाडीला सर्वांत जास्त फरक तिथेच पडतो. स्प्रिंग धक्का साठवते. शॉकअप त्या हालचालीचे उष्णतेत रूपांतर करून ती हवेत सोडून देतो. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो 4 च्या कामामुळे खड्डे आणि बुजवलेले पट्टे एकामागून एक येतात, किंवा जव्हार-मोखाड्याकडच्या कच्च्या रस्त्यावर गाडी तासभर सलग हादरत राहते, तेव्हा आतील तेल तापून पातळ होते, त्यात बुडबुडे तयार होतात आणि शॉकअपचा विरोध हळूहळू कमी होत जातो. सकाळी चांगली वाटणारी गाडी दुपारी डोलू लागते ती त्यामुळेच. ऑफ-रोड शॉकअप जाड असतात ते जास्त तेल मावावे आणि उष्णता पसरायला जागा मिळावी म्हणून.

निवड मुख्यतः दोन प्रकारांत असते. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये आतली नळी काम करते आणि बाहेरची तेलाचा साठा ठेवते. बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तरी पिस्टन अडकत नाही. ओल्ड मॅन इमू या ब्रँडचा नायट्रोचार्जर शॉकअप या जातीचा आहे. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे तेलात बुडबुडे होत नाहीत आणि नळी थेट हवेच्या संपर्कात असल्याने ती लवकर थंड होते. बिलस्टीन कंपनीचा 46 मिलिमीटर पिस्टनचा 5100 हा शॉकअप हे त्याचे परिचित उदाहरण. त्याचे उणेपण असे की त्याच नळीवर दगड आपटून खोलगट पोचा पडला तर पिस्टन तिथे अडकतो.

ठाणे-नवी मुंबईत रोज फिरणाऱ्या आणि कधीमधी शेतरस्त्याला जाणाऱ्या गाडीसाठी मी दुहेरी नळीचा, गॅस भरलेला, जाड पिस्टनचा शॉकअप पुरेसा मानतो. तासन्तास वेगाने कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याने एकेरी नळीचा घ्यावा. वेगळी टाकी जोडलेले, बाहेरून चकती फिरवून कमी-जास्त करता येणारे महागडे शॉकअप दिसायला देखणे असतात, पण महाप्याच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीला त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय खाडीच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात त्या चकत्या जाम होतात. घेताना एकच चौकशी नक्की करावी: सील आणि बुश सुटे मिळतात का आणि ते भारतात कोण बसवून देतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उत्पादकाचे, एकमेकांसाठी जुळवलेले घेतलेले बरे, कारण कडक स्प्रिंगला मऊ शॉकअप लावला की गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळतच राहते.

उंचीबाबत थोडक्यात सांगतो. पुढे 40 ते 50 मिलिमीटरपर्यंतची वाढ बहुतेक पिकअप सहन करतात. त्यापुढे पुढची चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढून ते लवकर झिजतात, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जातो आणि कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी झाल्याने स्टिअरिंग सरळ रेषेवर परत येईनासे होते. मग वेगळे वरचे आर्म घ्यावे लागतात. स्प्रिंगवर नुसता धातूचा स्पेसर ठेवून उंची घेतली तर चाकाचा खाली जाण्याचा प्रवास तेवढा कमी होतो, म्हणजे गाडी उंच दिसते पण खड्ड्यात चाक आधी लटकते. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब अॅक्सल आणि चॅसिसमधील अंतरावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. आपल्या गाडीत तो आहे का, हे आधी विचारावे. आणि आपल्या इमारतीच्या तळघरातील पार्किंगची उंची टेपने मोजावी. फाटकावरील फलकावर विसंबू नये, आत पाण्याचे पाइप त्याहून खाली आलेले असतात.

कायद्याचा भाग टाळता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. झिजलेल्या शॉकअपच्या जागी मूळ मापाचा चांगला शॉकअप बसवणे आणि गाडी चार इंच उचलणे यांत फार अंतर आहे. मधल्या प्रत्येक पायरीसाठी गाडी एमएच 04 ची असेल तर ठाण्याच्या आणि एमएच 43 ची असेल तर नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावे, आणि विमा कंपनीला लेखी कळवून लेखीच उत्तर घ्यावे. उंची शेवटी ठेवावी असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण आहे.

बसवण्याच्या दिवशी गॅरेजमध्ये स्वतः थांबावे. काम सुरू होण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहावे. जमिनीपासून मोजले तर टायरची हवा मापात घुसते. पाटे बदलताना त्यांना अॅक्सलशी बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत, जुने ताणलेले असतात. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळू देऊ नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडी आपल्या वजनावर बसल्यावरच ते आवळावेत, अन्यथा रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांतच फाटते. ही एक चूक इतक्या ठिकाणी होते की मी तिच्यासाठीच तिथे उभा राहतो. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या तारा चाक पूर्ण खाली असतानाही ताणल्या जात नाहीत हे पाहावे. त्याच दिवशी अलाइनमेंट करून त्याचा छापील कागद घ्यावा आणि हेडलाइटचा झोत खाली करून घ्यावा.

पहिल्या 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कने आवळून घ्यावेत. नवे पाटे सुरुवातीला थोडे बसतात, म्हणून सुमारे 1000 किलोमीटरनंतर चाकांची तीच चार मापे पुन्हा घ्यावीत आणि अलाइनमेंट परत तपासावे. डावी-उजवी बाजू दहा मिलिमीटरहून अधिक वेगळी आली तर किट बदलून मागण्याची हीच वेळ असते. पावसाळा संपला की पाट्यांमधला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन यू-बोल्टच्या आट्यांना गंजरोधक लावावे. आणि काढलेले मूळ पाटे व शॉकअप भंगारात देऊ नयेत. माझे घरच्या गॅलरीत दीड वर्ष पडून होते, त्यावरून घरात बोलणीही खाल्ली. पण ते चुकीचे किट उतरवले तेव्हा गाडीवर पुन्हा तेच चढले, आणि गाडी विकताना मागितले जातील तेही तेच.