कॉन्सन्ट्रेटर चालू, तरी बाबांचा ऑक्सिजन खाली: कारण सापडलं झाकणात

बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वास कोंडणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन लिहून दिला, म्हणून मिनिटाला ५ लिटरपर्यंत देणारं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, भाड्याने आणलं. एका रात्री बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८४ टक्के! मशीन सुरू, अलार्म नाही, प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरची गोळी २ वर, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत बुडबुडेही येत होते.

आई म्हणाली, "वाढव ना जरा." वाढवला नाही. सीओपीडीत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. बाबांना ८८ ते ९२ पुरे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आधी त्यांना सिलिंडरवर घेतलं. मग नाकातल्या नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं. एकही बुडबुडा नाही. नळी मुडपली असती तर बाटलीतलेही थांबले असते, म्हणजे हवा मधेच निसटत होती. बाटलीचं झाकण आट्यांवर तिरकं बसलं होतं. सरळ फिरवून घट्ट केलं आणि पेला फसफसला. नळी पुसून लावली, आकडा हळूहळू ९० झाला. नसता झाला तर रुग्णवाहिकाच.

वीज गेली की बी टाइप सिलिंडर: साधारण १,५०० लिटर, म्हणजे २ लिटरने बारा तास. तो भिंतीला साखळीने बांधलाय.

ऑक्सिजनजवळ आग पटकन भडकते, म्हणून निरंजन आणि उदबत्ती मात्र त्या खोलीतून हलवली, त्यावर आईची कुरकुर अजून चालूच आहे. नाक कोरडं पडतं तिथे त्याच कारणाने व्हॅसलीनही नाही, पाण्यात विरघळणारं जेल.