सर्व्हे मीटर शून्य दाखवतोय? रेडिओग्राफी साइटवर या चुका टाळा

सर्व्हे मीटरचा (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राचा) काटा शून्यावर आहे म्हणजे सोर्स (फिल्म काढायचा किरणोत्सारी तुकडा) कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या जाड कवचाच्या पेटीत आहे, हे गृहीत धरणं सगळ्यात महागात पडतं. इरिडियम-192 च्या कॅमेऱ्यात डिप्लीटेड युरेनियमचं शिल्डिंग असलं तरी थोडा गॅमा किरणोत्सर्ग बाहेर झिरपतोच. म्हणून कामाआधी बॅटरी तपासा आणि मीटर कॅमेऱ्याला टेकवून बघा. तिथेही काटा हलला नाही, तर मीटर मेलाय. बॅटरी चेक ठीक आली म्हणून मीटरमधली किरणं टिपणारी गायगर ट्यूब जिवंत असेलच असं नाही.

उलटा दगाही होतो. गायगर ट्यूब एक पल्स मोजली की साधारण 100 मायक्रोसेकंद आंधळी होते. मीटर सेकंदाला 5,000 काउंट दाखवत असेल, तर खरे 10,000 च्या आसपास असतात. किरणांचा मारा आणखी वाढला की काही जुन्या मीटरचा काटा वर जायचं सोडून खाली येतो. मीटर दुरूनच चालू करा, सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवा, मग काटा बघत पुढे सरका. सोर्सजवळ जाऊन स्विच दाबणाऱ्याला हा चढउतार दिसतच नाही.

क्रँक (सोर्स केबलने बाहेर-आत करायचं हँडल) पूर्ण फिरला म्हणून फिल्म काढायला धावू नका. केबलचं कनेक्शन सुटलं असेल, तर क्रँक बिनबोभाट फिरतो आणि सोर्स गाइड ट्यूबमध्येच (कॅमेऱ्यापासून फिल्मच्या जागेपर्यंतच्या नळीत) राहतो. सोर्स परतताना क्रँकजवळच्या मीटरवर रीडिंग उसळायला हवं (कोलिमेटर, म्हणजे किरणं एकाच दिशेला सोडणारं शिल्ड असेल तर हे फारच ठळक दिसतं) आणि मग एकदम पडायला हवं. तसं झालं नाही तर कॉर्डनबाहेर (दोरी लावून बंद केलेल्या हद्दीबाहेर) थांबा आणि आरएसओला (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला) बोलवा. झालं तरी मीटर हातात धरून जा, कॅमेरा आणि गाइड ट्यूब टोकापर्यंत तपासा.

कॉर्डन अंदाजाने लावणारेही बरेच. शिल्डिंगबाहेर आलेला 20 क्युरीचा इरिडियम 1 मीटरवर तासाला सुमारे 100 मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) देतो. म्हणजे कामगाराची 20 मिलिसिव्हर्टची वार्षिक सरासरी मर्यादा 12 मिनिटांत संपते. 10 मीटरवर तोच दर 1 मिलिसिव्हर्ट होतो. 74 दिवसांनी सोर्स निम्मा उरतो, हे एक्सपोजरची वेळ काढताना सगळ्यांना आठवतं, कारण फिल्म फिकी येते. नवा, जास्त ताकदीचा सोर्स आल्यावर मात्र दोरी जुन्याच खुंट्यांना बांधली जाते. दोरीच्या कडेने फिरून डोस दर मोजा.

काउंटवरून डोस काढताना कॅलिब्रेशन कोणत्या सोर्सवर झालंय ते बघा. बहुतेक वेळा सीझियम-137 असतो. कंटॅमिनेशन शोधायचा पॅनकेक प्रोब (चपटी गायगर ट्यूब) डोस दर सांगायला वापरू नका. कमी ऊर्जेच्या विखुरलेल्या गॅमाला तो फुगवून दाखवतो.

टीएलडी बॅज (अंगाला लागलेला डोस साठवून ठेवणारा बिल्ला) छातीवरच लावा. तो त्या दिवशी काहीच सांगत नाही, वाचन प्रयोगशाळेत नंतर होतं. त्यामुळे मीटरला तो पर्याय नाही. आणि बॅज लावलेला शर्ट सोर्स स्टोअरच्या खुंटीवर टांगून घरी गेलात, तर अंगाला न लागलेल्या डोसचा खुलासा लिहीत बसावं लागतं.