सरत्या उन्हाळ्यात कीटकांसाठी फुलांचा वाफा

उन्हाळा सरत आला की बऱ्याच फुलझाडांचा बहर ओसरतो, मधमाश्यांची भूक मात्र तशीच राहते. नेमका तेव्हा वाफा फुललेला हवा, तर पेरणीचा दिवस उलटा मोजून काढा. झिनिया, कॉसमॉस आणि सूर्यफूल साधारण 8 ते 10 आठवड्यांत फुलतात. सगळे बी एकदम संपवू नका. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा पेरा.

बियाणे घेताना पाकिटावरचे चित्र नीट पाहा. गच्च पाकळ्यांची दुहेरी फुले दिसतात झकास, पण त्यांत पुंकेसरांच्या जागी बहुधा पाकळ्याच आलेल्या असतात आणि कीटकाला आत शिरायला वाट नसते. एकेरी फुलेच घ्या. सूर्यफुलात आणखी एक मेख आहे: फुलदाणीसाठी तयार केलेल्या काही संकरित वाणांत परागच नसतात. मकरंद मिळतो, पण पिल्लांसाठी पराग नेणाऱ्या मधमाशीला त्याचा उपयोग नाही.

जागा दिवसाला निदान 6 तास उन्हाची हवी. झिनिया-कॉसमॉसचे बी अर्धा सेंटिमीटर, सूर्यफुलाचे 2 ते 3 सेंटिमीटर खोल. एका जातीची रोपे एकत्र, मीटरभराच्या ताटव्यात लावा; मधमाशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. झिनियाची विरळणी 25-30 सेंटिमीटरवर करा. दाटी झाली, हवा खेळली नाही की पानांवर भुरी (पांढरी बुरशी) येते. कॉसमॉसला नत्र जास्त झाले तर नुसता पाला माजतो.

कडेने बडीशेप किंवा शेपू फुलोऱ्यावर येऊ द्या. त्यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यातली बारीक, उघडी फुले आखूड तोंडाच्या कीटकांना सोयीची. तिथे सिरफिड माशी येते: अंगावर मधमाशीसारखे पट्टे, पण पंख चारऐवजी दोनच, आणि ती हवेत एका जागी तरंगते. डंख नाही. तिच्या अळ्या मावा (रोपाचा रस शोषणारी बारीक कीड) फस्त करतात, म्हणून मावा दिसताच फवारणी केलीत तर नुकसान तुमचेच.

रानफुले मात्र आपल्या भागातलीच लावा. गोल्डनरॉड हे पिवळ्या तुऱ्यांचे रानझाड त्याच्या मूळ मुलखात उत्तम, बाहेर तो जागा बळकावतो. (शिंकांचे खापर त्याच्यावर उगाच फुटते, त्याचे पराग जड नि चिकट, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत.)

झिनियाची सुकलेली फुले खुडत राहा, नव्या कळ्या येतात. हंगामाअखेर सूर्यफुलाची ताटे उपटू नका, 30 सेंटिमीटरवर कापा. एकेकट्या राहणाऱ्या काही मधमाश्या अशा खुंटांच्या भेंडात (आतल्या मऊ गाभ्यात) घर करतात.