नोकरी गेली? ईएसआयमधून बेकारीचे पैसे कसे मागायचे

नोकरी गेल्यावर पगारातून कापलेल्या ईएसआयमधूनही (कर्मचारी राज्य विमा) काही दिवस पैसे मिळू शकतात हे खूप जणांना माहीतच नसतं. ईएसआय म्हणजे दवाखाना, एवढंच डोक्यात बसलेलं. माझा मावसभाऊ ठेकेदाराकडे कामाला होता, सहा वर्षं दर महिन्याला स्लिपवर ते डिडक्शन दिसायचं, आणि काम सुटल्यावर दोन महिने घरी बसला तरी त्याला कोणी सांगितलं नाही. म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून सुरू आहे, सरकार तिला मुदतवाढ देत आलंय, त्यामुळे अर्ज करायच्या आधी ईएसआयच्या ब्रांच ऑफिसात किंवा ईएसआयसीच्या (हा विमा चालवणारं महामंडळ) वेबसाईटवर ती सध्या चालू आहे ना आणि अटी त्याच आहेत ना हे बघून घ्या. २०२० मध्ये नियम सोपे झाले, आधी सरासरी रोजाच्या २५ टक्के मिळायचे ते ५० टक्के झाले, आणि आधी नोकरी जाऊन ९० दिवस झाल्यावर क्लेम करता यायचा, ते ३० दिवसांवर आलं. पैसे जास्तीत जास्त ९० दिवसांचे आणि आयुष्यात एकदाच.

आधी योजनेत बसता का ते बघा. नोकरी जायच्या आधी सलग दोन वर्षं ईएसआय लागू असलेल्या नोकरीत असायला हवं. ईएसआयचं वर्ष दोन भागात मोजतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जायच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं योगदान भरलेलं पाहिजे, आणि त्याच्या मागच्या तीन सहामाहीपैकी कुठल्यातरी एकीत पण ७८ दिवस. म्हणजे समजा मे २०२५ मध्ये काम सुटलं तर ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ हा भाग आधी बघायचा. ठेकेदार अधूनमधून ब्रेक देतात त्यांचं गणित इथेच चुकतं, त्यामुळे स्लिपा काढून दिवस मोजाच.

गैरवर्तनावरून काढलं असेल, निवृत्त झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही. आणि इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, कंपनी काढते आणि वर म्हणते "राजीनामा लिहून दे, हिशेब लवकर होईल", तेव्हा घाईत सही करू नका. नोकरी गेली आणि नोकरी सोडली, कागदावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढल्याचं पत्र मागा, नाही दिलं तर एचआरला मेल करून शेवटचा दिवस आणि कारण लेखी विचारा. दोन ठिकाणी ईएसआय कापला जात असेल तर दोन्हीकडचं काम सुटल्याशिवाय तुम्ही बेकार धरले जात नाही.

आता पैसे किती. मागच्या चार सहामाहीतला एकूण पगार भागिले ७३०, आला तो रोज, त्याचे अर्धे. महिना १८,००० पगार असेल तर दोन वर्षांचे ४,३२,०००, भागिले ७३० म्हणजे साधारण ५९२ रुपये रोज, अर्धे २९६, आणि ९० दिवसांचे साधारण २६,६०० रुपये. घर चालायला पुरत नाहीत, पण भाडं आणि किराण्याला मोठा आधार होतो.

अर्ज करायच्या आधी पहिल्याच आठवड्यात रेकॉर्ड तपासा, खरं काम इथेच आहे. ईएसआयसीच्या वेबसाईटवर विमाधारकाचं लॉगिन असतं, तिथे आपला आयपी नंबर, म्हणजे विमाधारक क्रमांक (ईएसआयच्या पेहचान कार्डावर असतो तोच) टाकून खातं उघडा. नाव, जन्मतारीख, मोबाईल, आधार आणि बँक खातं, सगळं जुळतंय का बघा. मावसभावाच्या आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव होतं, ईएसआयमध्ये नुसतं आद्याक्षर, आणि जन्मतारखेत एक महिन्याचा फरक. कामाला लागला तेव्हा कोणीतरी घाईत भरलेलं, सहा वर्षं कोणी पाहिलं नाही. ते दुरुस्त करण्यातच तीन आठवडे गेले. तुम्ही ३० दिवस संपायची वाट बघत बसू नका, तेवढ्या वेळात हेच उरका.

मग ३० दिवस झाले की त्याच लॉगिनमधून या योजनेचा क्लेम भरायचा, फॉर्मचं नाव एबी-१. नोकरी गेल्याची तारीख नीट टाका, कंपनीने लावलेली शेवटची तारीख आणि तुमची तारीख वेगळी निघाली तर क्लेम अडकतो. पैसे मागच्या दिवसांचेच मागता येतात, पुढच्या तारखांचे आधीच मागून ठेवता येत नाहीत. आधार आणि पासबुकाचं पहिलं पान स्कॅन करून जोडा, मोबाईलने फोटो काढला तर आयएफएससी वाचता येतोय ना ते झूम करून बघा. अपलोड जमलं नाही तर फॉर्मची प्रिंट काढून, सही करून, कागदांसकट आपल्या ब्रांच ऑफिसात द्या. आता मालकामार्फत अर्ज पाठवायची गरज नाही, थेट आपला आपण करता येतो, हा फार चांगला बदल झालाय कारण ज्याने काढलं त्याच्याच दारात परत जायचं म्हणजे माणसाचा जीव नको होतो.

ऑफिसात गेलात तर पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका, ऑनलाईन केलं तर क्लेम नंबरचा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे थेट खात्यात येतात, मधे कोणाला काही द्यायचं नसतं, "करून देतो" म्हणणाऱ्याला ओटीपी तर अजिबात सांगू नका. मधेच दुसरं काम लागलं तर त्या तारखेपर्यंतचेच पैसे मिळतात, ते लपवू नका, नवीन ठिकाणी ईएसआय सुरू झाला की दिसतंच.

आणि कारखानाच बंद पडला असेल किंवा कामगार कपातीत नाव आलं असेल तर एबी-१ भरायच्या आधी ब्रांच ऑफिसात राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेबद्दल विचारा. तीही ईएसआयचीच बेकारी भत्त्याची योजना, तिच्या अटी वेगळ्या आहेत, पण तो भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळू शकतो.